एकाच चरातल्या दोन वाटा

करंजखोऱ्याच्या लाइनचा नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा केतकी हिरवेनं आधी मोजलं ते नवऱ्यापर्यंतचं अंतर. पुणे ते करंजखोरं ग्रामीण रुग्णालय, नागीण घाटातून, एकशे नव्वद किलोमीटर.

तिथे डॉ. उदयन हिरवे नऊ वर्षं सर्जन होता. शनिवारी संध्याकाळी निघून पुण्याला यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. महिन्यातल्या चारांपैकी दोन शनिवार तरी कुणाचं पोट नाहीतर कुणाचा पाय आडवा यायचा, आणि मग तो येतच नसे. त्यांची मुलगी रेवती आठ वर्षांची होती. शाळेत 'माझे कुटुंब' लिहायला सांगितलं तेव्हा तिनं लिहिलं, 'माझे बाबा खोऱ्यात असतात.' बाईंनी त्याखाली लाल पेनानं 'कोणत्या?' असं विचारलं होतं.

केतकी राज्य कणाजाल मंडळात मुख्य आराखडा अभियंता होती. गावागावांच्या छोट्या जाळ्यांना जोडणारी जी एक जाड लाइन असते, तिला या धंद्यात बॅकबोन म्हणतात. मंडळाच्या फाइलीत तिचं नाव 'कणा' असं होतं. फांद्या तुटल्या तर एखादं गाव अंधारात जातं. कणा तुटला तर सगळंच आडवं होतं. म्हणून कणा टाकताना पहिला प्रश्न एकच असतो: ही वाट तुटली, तर दुसरी कोणती?

करंजखोऱ्याचा कणा साधा नव्हता. त्यावरून स्पर्श जाणार होता.

तीन वर्षांपूर्वी 'दूरहात' नावाचं यंत्र आलं होतं. सर्जन पुण्यात बसून हातमोजे घालणार आणि खोऱ्यातल्या टेबलावरचे यांत्रिक हात तशीच हालचाल करणार, एवढं तर आधीच्या यंत्रांनाही जमत होतं. दूरहाताचं नवल म्हणजे तो स्पर्श परत आणायचा. पेशंटच्या पोटातली नाडी सर्जनच्या बोटाला लागायची. रक्तवाहिनी कोणती आणि नुसता पडदा कोणता, हे पुण्यातल्या बोटाला कळायचं. पण त्यासाठी एक अट होती. हालचाल तिकडे जाऊन स्पर्श इकडे परत येईपर्यंत दोन मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा, जास्त वेळ जाता कामा नये. जास्त गेला की बोट दाबतं एकीकडे आणि जाणवतं नंतर. यंत्र स्वतःलाच सावरायला जातं आणि हात थरथरू लागतो. थरथरता हात पोटात कुणाला हवा?

नेहमीच्या फायबरमध्ये प्रकाश काचेतून धावतो, आणि काचेत त्याचा वेग तिसऱ्या हिश्शानं कमी होतो. एकशे नव्वद किलोमीटर जाऊन यायलाच जवळजवळ दोन मिलिसेकंद संपायचे. मधल्या राउटरना, यंत्रांना वेळच उरायचा नाही. त्यावर तोडगा निघाला तो पोकळ फायबरचा. केसाएवढ्या काचेच्या नळीत आतून आणखी बारीक नळ्यांचं कडं, आणि मधोमध नुसती हवा. प्रकाश त्या हवेतून धावतो, जवळजवळ पूर्ण वेगानं. जाणं-येणं सव्वा मिलिसेकंदात. उरलेल्या पाऊण मिलिसेकंदात बाकी सगळं बसवायचं, आणि ते बसत होतं.

बसत नव्हती ती दुसरी वाट.

खोऱ्याला बाहेर पडायला नागीण घाट सोडला तर दोनच मार्ग होते. एक कोकणाच्या अंगानं, तीनशे दहा किलोमीटरचा वळसा. पोकळ फायबर टाकूनही त्या वाटेनं स्पर्शाला दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागत होते, म्हणजे ती बाद. दुसरा मार्ग धरणाच्या पाण्याखालून आणि पलीकडच्या राखीव जंगलातून. अंतर बसत होतं, पण परवानग्यांना तीन वर्षं, कदाचित चार.

आराखडा तपासणारी प्रणाली दर वेळी तेच दाखवायची. नकाशावर खोऱ्याच्या टोकाशी पिवळा ठिपका, आणि त्याखाली: 'एकच मार्ग. शिफारस करता येत नाही.'

*

जानेवारीत ती जागा पाहायला खोऱ्यात गेली. उदयननं तिला ऑपरेशन थिएटर दाखवलं. ते ती आधीही चार-पाचदा पाहून गेली होती, पण या वेळी तिच्या हातात मोजपट्टी होती.

"यांत्रिक हात इथे, छताला," ती म्हणाली. "राउटरची खोली शेजारी. ती स्टोअररूम रिकामी करावी लागेल."

"स्टोअररूममध्ये सिस्टरांचा चहा असतो," उदयन म्हणाला.

सिस्टर यमुना ढेबे हसल्या. वरच्या धनगरवाड्यावरच्या त्या. घाट उतरून शिकायला गेल्या आणि शिकून परत आलेल्या वाड्यावरच्या पहिल्या. उदयनच्या आधीपासून त्या या थिएटरात होत्या. "चहाचं काय, वहिनी, तो कुठंबी होतो. पन मला एक सांगा. सर तिकडं, हात हिकडं. आन् मधेच लाइट गेल्यावानी लाइन गेली तर?"

"हात जिथल्या तिथे थांबतात, सिस्टर. सुरक्षित स्थिती म्हणतात. काही सोडत नाहीत, काही ओढत नाहीत. आणि लाइन जाणार नाही. दोन वाटा असतात."

"आपल्या खोऱ्याला? दोन?" सिस्टरांनी उदयनकडे पाहिलं.

जेवताना उदयननं तोच प्रश्न विचारला. "दुसरी कुठून काढणारेस?"

"बघतेय."

"नसेल तर नसू दे ना. मी आहे की इथे."

"तोच तर प्रश्न आहे," केतकी म्हणाली. मग ती हळू म्हणाली, "ही लाइन झाली की तू पुण्यातून हेच काम करशील. हेच पेशंट, हेच खोरं. संध्याकाळी घरी येशील. रेवतीला बाबा जेवताना समोर बसलेला दिसेल. मी काही वाईट मागतेय का?"

"नाही," उदयन म्हणाला. "फक्त मला सांग, मी इथून गेल्यावर इथे हात कुणाचे असतील?"

"तुझेच."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. भाकरीचा तुकडा तसाच होता.

*

मार्ग सुचला तो केतकीलाच. तिच्यावर कुणी दबाव आणला नव्हता, हे तिला पुढे फार वेळा आठवलं.

मंडळाच्या मानकात लिहिलं होतं: दोन स्वतंत्र केबल, दोन स्वतंत्र राउटर, दोघांना वेगळा वीजपुरवठा, आणि दोन्ही केबलमध्ये किमान वीस मीटर अंतर, 'शक्य तेथे'. नागीण घाटात एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. रस्त्याची एकूण रुंदीच सात मीटर. वीस मीटर शक्य नव्हतं. शक्य नाही तिथे अंतर न ठेवलेलं चालतं, असाच त्या दोन शब्दांचा अर्थ होत होता.

तिनं दोन केबल आखल्या. दोन रंग, दोन नावं, दोन टोकांना दोन वेगळे राउटर. घाटाच्या वर त्या वेगळ्या, घाटाच्या खाली वेगळ्या. मधल्या अकरा किलोमीटरमध्ये दोन्ही एकाच चरातून. प्रणालीनं क्षणभर विचार केला आणि पिवळा ठिपका हिरवा झाला. 'दोन मार्ग. शिफारस.'

एक अडचण उरली. कोकणाच्या अंगानं एक जुनी काचेची लाइन खोऱ्यात येत होती. गावातले फोन तिच्यावरच चालायचे. ती स्पर्शाच्या कामाची नव्हती, पण आवाज आणि चित्र तिच्यावरून सहज गेलं असतं. केतकीनं ती आराखड्यात ठेवली की प्रणाली तिला 'मानकाखालचा तिसरा मार्ग' म्हणून पकडायची आणि सगळी योजना फेरतपासणीला परत पाठवायची. सहा महिने तरी गेले असते. त्या सहा महिन्यांत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं असतं, आणि बदल्यांचा हंगाम संपला असता.

एका गुरुवारी दुपारी तिनं जुन्या लाइनवर बोट ठेवलं आणि यादीतून शब्द निवडला: 'निवृत्त'. खोऱ्यातले फोन नव्या कण्यावर आले. दोन लाइन सांभाळायला मंडळाकडे माणसं नव्हतीच.

तिचे वरिष्ठ नगरकर साहेब आराखडा बघून म्हणाले, "घाटात एकत्र दिसतायत."

"हो सर. मानकात बसतंय. धरणाखालची लाइन दुसऱ्या टप्प्यात धरलीय."

"दुसरा टप्पा," नगरकर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "तीस वर्षं नोकरी झाली, केतकी. मी अजून कुठला दुसरा टप्पा बघितलेला नाही." पण सही त्यांनी केली.

*

पहिलं वर्ष चांगलं गेलं, आणि ते खोटं चांगलं नव्हतं.

उदयन पुण्याच्या केंद्रात बसू लागला. एका लांबट खोलीत सर्जनांच्या सहा खुर्च्या, प्रत्येकापुढे पडदा आणि हातमोज्यांची जोडी. करंजखोऱ्याशिवाय आणखी चार दुर्गम रुग्णालयं त्याच्याकडे आली. पूर्वी एका खोऱ्याला मिळायचा तो सर्जन आता पाच खोऱ्यांना मिळत होता. सापाच्या दंशानं सडलेला पाय, अडलेलं बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स. घाट चढताना वाटेत मेली असती अशी माणसं टाके घेऊन घरी चालत जाऊ लागली. एका वर्षात एकोणसाठ. आकडा मंडळाच्या भिंतीवर लागला होता.

संध्याकाळी सात वाजता उदयन घरी असे. रेवती त्याच्याकडून भागाकार शिकली, सायकल शिकली. केतकी स्वयंपाकघरातून दोघांचे आवाज ऐकायची आणि तिला वाटायचं, जमलं.

फक्त तो हात फार धुवायचा. केंद्रात हात धुवायची गरज नव्हती, मोजे कोरडे असत. तरी घरी आल्यावर तो बेसिनशी उभा राहायचा, कोपरापर्यंत साबण लावून, पाच-पाच मिनिटं.

"आज कुणाला हात लावलास?" केतकीनं एकदा चेष्टेनं विचारलं.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "तेच."

मार्चमध्ये आरोग्य खात्याचा आदेश आला. ज्या रुग्णालयांना मानकाप्रमाणे दोन मार्गांचा कणा मिळाला आहे, तिथली सर्जनची पदं रद्द. पदं नुसती रिकामी ठेवलेली नव्हती, रद्दच केली होती. यादीत बारा गावं होती आणि पहिलं नाव करंजखोऱ्याचं. आदेशाबरोबर कार्यपद्धतीही आली: लाइन खंडित झाल्यास वीस मिनिटं यंत्राला व रुग्णाला कुणीही हात लावू नये, यंत्र सुरक्षित स्थितीत असते.

उदयननं तो कागद केतकीपुढे ठेवला. "वीस मिनिटं कुणी ठरवली?"

"राउटर पूर्ण बंद होऊन सुरू व्हायला जास्तीत जास्त तेवढी लागतात."

"म्हणजे राउटरची वीस मिनिटं. पेशंटची नाहीत."

"उदयन, लाइन जाणारच नाही, अशीच ती—"

"घाटात एकच चर आहे ना?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं होतं, त्याला ठाऊक नसेल. पण तो नऊ वर्षं त्या घाटातून गेला होता; चर खणणारी माणसं त्याच्या ओळखीची होती.

"दुसरा टप्पा येतोय," ती म्हणाली.

*

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला स्वच्छ, कोरडा दिवस होता. सकाळी पावणेअकराला ज्ञानदेव संकपाळ टेबलावर आला. धरणात लाँच चालवणारा, चौतीस वर्षांचा. धक्क्यावर पाय घसरून लाँचच्या कठड्यावर डाव्या कुशीवर पडला होता आणि आतून प्लीहा फुटली होती. उदयन त्याला ओळखत होता. पूर्वी पलीकडच्या गावांना जायचं असलं की ज्ञानदेव त्याला फुकट न्यायचा आणि सगळ्या वाटेत त्याच्याशी राजकारणावर भांडायचा.

"सर, मला हितनं ऐकू येतंय का तुमाला?" भूल देण्याआधी ज्ञानदेवनं छताकडे बघून विचारलं होतं.

"येतंय. पण आज तू गप्प बसायचंस. आज माझं ऐकायचं."

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी उदयनच्या बोटात प्लीहेची मुख्य धमनी होती. तिला त्यानं चिमटा लावला. खाली कुठेतरी दुसरीकडून रक्त येत होतं. तो तिकडे वळला, आणि बोटांतला स्पर्श गेला. कुणी हात झटकून काढून घ्यावा तसा. मग पडदा काळा झाला.

घाटात, सातव्या वळणावर, पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला जागा सपाट करायचं काम चाललं होतं. पोकलेनच्या बादलीनं एका घासात दोन्ही केबल वर काढल्या. चालवणाऱ्यानं त्या बघितल्या, एक निळी आणि एक केशरी, आणि मशिन बंद करून तो खाली उतरला.

मंडळाच्या नियंत्रण कक्षात केतकीपुढच्या भिंतीवर दोन रेषा एकाच क्षणी लाल झाल्या. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, दोन्ही कशा जातील? सेन्सर बिघडलाय बहुतेक." सेन्सर बिघडलेला नव्हता हे तिथे तिला एकटीलाच कळलं होतं.

फोन वाजला. उदयन.

"चित्र नको. स्पर्श नको. मला फक्त आवाज दे."

"उदयन—"

"सिस्टर आहेत तिथे. नऊ वर्षं माझ्याबरोबर उभ्या राहिल्यात. मी सांगेन आणि त्या करतील. मोबाइल लागत नाहीये. मला दोन मिनिटं आवाज दे, केतकी."

"मोबाइलही त्याच कण्यावर आहेत."

"कोकणातली जुनी लाइन?"

ती म्हणाली, "बंद केलीय."

"कुणी?"

तिनं सांगितलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. फोन चालूच राहिला, आणि पलीकडून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

रुग्णालयाला उपग्रहावरून बोलणारा एक संच दिलेला होता. तो कार्यालयातल्या कपाटात कुलपात होता आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो कारकून बैठकीला गेला होता. कपाट फोडून संच बाहेर आणून आकाश दिसेल अशा जागी लावेपर्यंत बारा वाजून दहा मिनिटं झाली.

"सर," यमुना सिस्टरांचा आवाज आला. त्या रडत नव्हत्या. "ज्ञानदेव गेला, सर. आत्ता. पाच मिन्टं झाली."

तिथे काय झालं ते त्यांनी नंतर चौकशीत सांगितलं, आणि दर वेळी तेच सांगितलं. यांत्रिक हात चिमटा धरून थांबले, अगदी सांगितल्याप्रमाणे. पण रक्त खालून वाढत होतं. हात असे आडवे थांबले होते, की खाली बघायला जागाच नव्हती. भूल सांभाळणारा तंत्रज्ञ म्हणाला, वीस मिनिटं थांबा, लिहिलंय तसं. त्या अकरा मिनिटं थांबल्या. मग पेशंटचा दाब पन्नासवर आला तेव्हा त्यांनी हातांचं आपत्कालीन बटण दाबलं, हात वर उचलले, मोजे चढवले आणि स्वतःच्या हातांनी आत शोधलं. धमनीवर दुसरा चिमटा त्यांनी लावला. खालची जागा त्यांना सापडली, पण उशिरा.

"सरांनी सांगितलं असतं, हिथं डाव्या अंगाला बघा, तर मला सापडली असती," त्या म्हणाल्या. "तेवढंच पायजे होतं. हिथं बघा, येवढंच."

*

चौकशी समितीत तीन जण होते. दोन दिवसांत कागदावर गोष्ट साधी झाली. यंत्र सुरक्षित स्थितीत गेलं होतं. चिमटा जागेवर होता. परिचारिकेनं वीस मिनिटं पूर्ण होण्याआधी, अकराव्या मिनिटाला, यंत्र हलवलं. शस्त्रक्रियेचा परवाना नसताना रुग्णाच्या शरीरात हात घातला.

उदयननं साक्ष दिली. "त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच मिनिटाला हलवलं असतं," तो म्हणाला. अध्यक्षांनी नोंद घेतली: डॉ. हिरवे घटनास्थळी उपस्थित नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकीला बोलावलं. आदल्या संध्याकाळी तिनं ठरवलं होतं, सगळं सांगायचं. एक चर, 'शक्य तेथे', निवृत्त केलेली लाइन, तो गुरुवार. तिनं चार मुद्दे कागदावर लिहूनही आणले होते. खोलीत भिंतीशी लाकडी बाकावर यमुना सिस्टर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घेऊन. उदयन त्यांच्या शेजारी.

अध्यक्ष निवृत्त सचिव होते, सौम्य बोलायचे. "मॅडम, आपल्याला फार थांबवत नाही. एकच प्रश्न आहे. करंजखोऱ्याच्या कण्याला मानकाप्रमाणे दोन मार्ग होते का? हो किंवा नाही."

"सर, त्याला थोडी पार्श्वभूमी—"

"पार्श्वभूमी लेखी द्या हवी तर. समितीला फक्त मानकाचं विचारायचंय. आपण नाही म्हणालात तर याच मानकावर चालणाऱ्या बाराही रुग्णालयांच्या लाइन आजच बंद कराव्या लागतील. आत्ता या क्षणी चार टेबलांवर शस्त्रक्रिया चालू आहेत. म्हणून नीट विचार करून सांगा."

ते खरंही होतं. आणि सोयीचंही होतं. केतकीनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. चार टेबलं, बारा गावं, मंडळ, नगरकरांची सही, तिची सही, रेवतीची शाळा, सगळं एकाच वेळी तिच्या डोक्यातून गेलं, आणि त्यातलं नेमकं कशासाठी तिनं उत्तर दिलं, हे तिला पुढे कधीच वेगळं काढता आलं नाही.

"हो," ती म्हणाली.

अध्यक्षांनी आभार मानले. बाकावर सिस्टर पर्सची चेन उघडत आणि लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा उदयन म्हणाला, "खोटं बोलली नाहीस तू."

"उदयन, लेखी देणार आहे मी. सगळं लिहून."

"दे."

"मी हे तुझ्यासाठी केलं होतं. आपल्यासाठी."

"माहितीय," तो म्हणाला. "म्हणून तर मला धड रागावताही येत नाही. ज्ञानदेवच्या बायकोनं विचारलं, सर, तुम्ही पुण्याला का गेलात? काय सांगू तिला? मला रोज संध्याकाळी घरी जेवायचं होतं?"

सिस्टर यमुना निलंबित झाल्या. उदयननं महिनाभरात केंद्र सोडलं. त्याला खोऱ्यात परत जायचं होतं, पण तिथे सर्जनची जागाच उरली नव्हती. रद्द झालेलं पद परत निर्माण करायची पद्धत खात्यात कुणालाच ठाऊक नव्हती. तो दूर, भंडाऱ्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात गेला. घरापासून पूर्वीपेक्षा चौपट लांब. तो दर रविवारी रेवतीला फोन करतो. फोन केतकीनं उचलला तर 'कशी आहेस' म्हणतो, आणि उत्तराला थांबतो. वाईट बोलत नाही. त्याहून जास्तही काही बोलत नाही.

केतकीनं लेखी दिलं. सहा पानं, नकाशासह. कोणती लाइन कुणी, कोणत्या तारखेला आणि का बंद केली, सगळं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, साडेचार ओळींचं. आपला अभिप्राय अभिलेखात घेण्यात आला आहे. परिचारिकेची कारवाई स्वतंत्र असून तिचा या बाबीशी संबंध नाही. करंजखोऱ्याच्या दुसऱ्या मार्गास तत्त्वतः मंजुरी देण्यात येत असून, आपला अनुभव पाहता, ते काम आपल्याकडे सोपवण्यात येत आहे. शेवटच्या अर्ध्या ओळीत पदोन्नती होती.

*

सर्व्हेसाठी ती डिसेंबरात खोऱ्यात गेली. धरणाच्या पाण्यापासून वर धनगरवाड्यापर्यंत रेषा आखायची होती, आणि ती रेषा यमुना ढेब्यांच्या घरापासून शंभर पावलांवरून जात होती. टाळता आली असती. केतकीनं टाळली नाही.

सिस्टर पडवीत एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत होत्या. त्यांनी मान हलवून बसायची खूण केली आणि हातातलं काम पूर्ण केलं. पट्टी बांधून झाल्यावर म्हातारा काठी टेकत गेला. मग त्या हात पुसत समोर येऊन बसल्या.

"नोकरी नाय, तरी लोक येत्यात," त्या म्हणाल्या. "कुठं जातील?"

"सिस्टर, मी सगळं लिहून दिलं. तुमच्याबद्दलही. मी दोन वेळा—"

"कळलं मला. सरांनी सांगितलं फोनवर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर केतकीला काहीतरी करता आलं असतं. "त्या दिवशी बोलला असता तर बरं झालं असतं. आता कागुद झाला त्याचा."

केतकीनं बोलायला आणलेलं सगळं तिथल्या तिथे निरुपयोगी झालं होतं.

"ती मानसं कशाची खुणा करत्यात?" सिस्टरांनी उताराकडे बोट केलं.

"दुसरी वाट. पाण्याखालून येणार. खरी दुसरी."

"कधी व्हईल?"

"तीन वर्षं. जंगलाची परवानगी लांबली तर चार."

"आन् तोवर?"

"तोवर घाटातलीच."

"आन् सर्जन?"

"पद नाही आता."

सिस्टरांनी मान डोलावली, जणू बाजाराचा दिवस बदललाय असं कुणी सांगितलं असावं. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत, मॅडम. सांगून ठेवते वाडीवर आन् खाली गावात. चार वर्षं कुणी पडायचं नाय. बायांनी अडायचं नाय. ज्याला काय व्हायचं आसंल त्यानं तुमची लाइन आल्यावर करून घ्यायचं."

त्या हसल्या नाहीत. उठल्या, घमेल्यातलं लाल पाणी अंगणाच्या कडेला ओतलं आणि आत गेल्या.

खालून सर्व्हेवाल्यानं झेंडी उंच धरून हाक मारली, "मॅडम, रेषा हितनं धरू का?"

केतकी पडवीतून उतरली. दार उघडंच होतं, आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"धरा," ती म्हणाली.